तारेचं मागचं टोक

अँजिओग्राफीचा इतिहास सांगणारे सगळे तारेच्या पुढच्या टोकाविषयी बोलतात. ते टोक हृदयापर्यंत कसं पोचलं, त्याला फुगा कुणी लावला, जाळी कुणी बसवली. तारेचं मागचं टोक जांघेतून बाहेर आलेलं असतं. तार, नळी, त्यांना वाट देणारी शीथ, सगळं काढून घेतल्यावर तिथे धमनीला एक भोक उरतं, आणि त्या भोकाचा इतिहास सांगायला कुणी बसत नाही. मी हृदयाची डॉक्टर नाही. मी रेडिओलॉजिस्ट, पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी आणि डॉप्लर करण्यात माझी सगळी नोकरी गेली. कॅथलॅबमध्ये सगळं सुरळीत पार पडलं की माझ्याकडे कुणी फिरकत नसे. बोलावणं यायचं ते भोक बुजलं नाही म्हणून. त्यामुळे मला हा इतिहास मागच्या टोकाकडून माहीत आहे.

आधी नेमकं काय बिघडतं ते सांगते. शीथ काढल्यावर धमनीवर पंधरा-वीस मिनिटं हाताने दाब द्यायचा, मग वर वाळूची पिशवी, आणि पाय न वाकवता काही तास पडून राहायचं, ही जुनी रीत. एवढ्यात भोकाच्या तोंडाशी रक्त गोठतं आणि काम भागतं. कधीकधी भागत नाही. पाइपला भोक पडून पाणी भिंतीच्या प्लास्टरमागे साठत जावं तसं हृदयाच्या दर ठोक्याला थोडं रक्त बाहेर येतं आणि आजूबाजूच्या मांसात स्वतःसाठी एक पोकळी करतं. या पोकळीला धमनीचं अस्तर नसतं, म्हणून तो खोटा फुगवटा. आम्ही स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतो. धमनी आणि पोकळी यांना जोडणारी एक बारीक वाट असते, तिला आम्ही मान म्हणतो. पेशंट सरळ म्हणतो, जांघेत गाठ आली. ही गाठ धडधडते. इंदापूरकडचे एक उसवाले शेतकरी मला म्हणाले होते, ‘‘डॉक्टरीणबाई, हृदय दुरुस्त केलं म्हणतात, मग आता हे खाली दुसरं कुणी बसवलं?’’

हा आजार कॅथलॅबने जन्माला घातला असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. धमनीला चुकून सुई लागणं हे शिरेतून रक्त काढण्याच्या रिवाजाइतकंच जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरावेधावर एक अख्खा अध्याय आहे; कोणाची शीर फोडू नये, कुठली फोडू नये, याच्या लांबलचक याद्या आहेत. सूत्रस्थानात वाहतं रक्त थांबवायचे चार मार्ग दिलेत. जखमेची तोंडं जुळवणं, थंडाव्याने रक्त घट्ट करणं, राखेने सुकवणं आणि डागणं. आपल्या गावांत तुंबड्या आणि जळवा यांवर भागत असे, ते कातडीवरचं काम. युरोपातला न्हावी मात्र शतकानुशतकं कोपराच्या आतल्या बाजूची शीर उघडत होता, आणि तिथे शिरेच्या लगेच खाली, एका पातळ पडद्याआड, हाताची मुख्य धमनी धावते. नस्तर जरा खोल गेलं की संपलं. काही दिवसांनी कोपरात धडधडती गाठ. लंडनच्या विल्यम हंटरनी १७५७ मध्ये याहून विचित्र प्रकार ओळखला. नस्तर शिरेतून आरपार धमनीत गेलेलं, आणि दोन्हींची तोंडं एकमेकींत उघडलेली. हात लावला तर थरथर, कान लावला तर सूं सूं. वरून धमनी दाबली की दोन्ही बंद. आज जांघेत फार खाली सुई टोचली गेली की हेच होतं, कारण तिथे शीर धमनीच्या मागे सरकलेली असते. हंटरांनी बोटांनी आणि कानांनी जे ओळखलं ते आम्ही रंगीत पडद्यावर बघतो, एवढाच फरक.

विल्यमचा धाकटा भाऊ जॉन हंटर. १७८५ च्या डिसेंबरात सेंट जॉर्ज रुग्णालयात त्याने एका गाडीवानाच्या गुडघ्यामागच्या फुगवट्यासाठी मांडीतली धमनी वरच बांधून टाकली, फुगवट्याला हातही न लावता. शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत हे सोन्याच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्या काळी भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. बांधलेला दोरा कुजून धमनी फुटायची आणि माणूस बिछान्यातच रक्ताच्या थारोळ्यात जायचा. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डब्लिनच्या सर्जननी सुरी खाली ठेवली आणि दाबायला सुरुवात केली. मला या मंडळींविषयी फार आपुलकी आहे. मांडीवर स्क्रू लावलेले चिमटे, वजनं, गाद्या लावून ते धमनी वरच्या बाजूला दाबून धरायचे, म्हणजे फुगवट्यातलं रक्त संथ होऊन थराथराने गोठावं. ओब्रायन बेलिंगहॅम यांनी १८४७ च्या पुस्तकात एक शहाणपणाची गोष्ट मांडली: प्रवाह पूर्ण बंद करायची गरज नाही, मंद केला तरी पुरतो. त्याने पेशंटचे हाल निम्मे झाले असतील. तरी चिमट्याखालची कातडी सोलवटायचीच.

मग बोटं आली. अमेरिकेत न्यू हेवनला जोनाथन नाइट यांनी १८४८ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावल्या. एकाचं बोट थकलं की दुसऱ्याचं, असे चाळीसेक तास मांडीतली धमनी नुसत्या बोटांनी दाबून धरली, आणि गुडघ्यामागचा फुगवटा घट्ट झाला. इटलीत पादुआच्या तीतो वान्झेत्ती यांनी पुढे या पद्धतीचा ध्यासच घेतला. त्या विद्यार्थ्यांची नावं कुठे नोंदवायची पद्धत नव्हती. रात्री तीन वाजता कंदिलाच्या उजेडात दुसऱ्याच्या मांडीवर बोट रोवून बसलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा; त्याला खाली काय चाललंय ते दिसत नाही, फक्त ठोका लागतोय की नाही एवढंच कळतंय. पुढे लिस्टरच्या निर्जंतुक शस्त्रक्रियेने दोरा बांधणं सुरक्षित झालं, आणि दाबण्याची ही सगळी विद्या दोन-तीन दशकांत अडगळीत गेली.

ती परत यायला १९५३ साल लागलं. तेही लगेच कुणाला कळलं नाही. त्या साली स्वीडनमध्ये दोन गोष्टी घडल्या. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्कामधल्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या बत्तीस वर्षांच्या रेडिओलॉजिस्टने एक छोटा लेख छापला. तोवर धमनीत जाड नळी घालायची तर कातडी कापून धमनी उघडी करावी लागे. सेल्डिंगरने सांगितलं, सुईने टोचा, सुईतून तार सरकवा, सुई काढा, तारेवरून नळी घाला, तार काढा. बस. नळी घालून केलेली जवळजवळ प्रत्येक अँजिओग्राफी आजही याच क्रमाने होते. हे प्रबंधाला पुरेसं नाही असं त्याच्या वरिष्ठांचं मत पडलं आणि बिचाऱ्याने डॉक्टरेटसाठी पुढे दुसराच विषय घेतला. विद्यापीठांचं हे असंच असतं, आपल्याकडेही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, देशाच्या दक्षिण टोकाला लुंडमध्ये, इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी माणसाच्या छातीवर ध्वनिलहरी सोडून हृदयाची हालचाल टिपली. यंत्र त्यांचं नव्हतं. लोखंडातल्या भेगा शोधायला जहाजाच्या कारखान्यात जे उपकरण वापरत, तसलंच त्यांनी मागून आणलं होतं. म्हणजे धमनीला भोक पाडायची रीत आणि ते भोक बघायचा डोळा एकाच देशात एकाच वर्षी जन्मले. दोघांची भेट व्हायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षं गेली.

मधला प्रवास सगळ्यांना माहीत आहे, मी रेंगाळत नाही. १९५८ मध्ये क्लीव्हलंडच्या मेसन सोन्सची नळी अपघाताने हृदयाच्या धमनीत शिरली आणि पेशंट वाचला. सोन्स हातातून, कातडी कापून जात. १९६७ मध्ये जडकिन्सने आधीच वळण दिलेल्या नळ्या काढल्या, त्या जांघेतून सहज जात, आणि तेव्हापासून जांघ हा राजमार्ग ठरला. सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंट्झिगने हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला. १९८६ मध्ये जाळी आली, आपण जिला स्टेंट म्हणतो.

जाळीनेच आमच्या खोलीबाहेर रांग लावली. धातूची जाळी धमनीत बसवली की तिच्यावर रक्त गोठायचं, म्हणून पेशंटला हेपॅरिन, वॉरफरिन, अ‍ॅस्पिरिन, डायपिरिडॅमोल असं सगळं एकदम दिलं जाई. हृदयात गुठळी होऊ नये म्हणून अंगभर रक्त पातळ, आणि जांघेत भोक, तेही जाड शीथचं. १९९४ साली युरोपातल्या बेनेस्टेंट या गाजलेल्या अभ्यासात नुसता फुगा लावलेल्यांत रक्तस्राव आणि रक्तवाहिन्यांच्या तक्रारी ३.१ टक्के होत्या, जाळी बसवलेल्यांत १३.५ टक्के. हृदयवाल्यांनी त्या अभ्यासातलं जाळीचं यश वाचलं. आम्ही हा आकडा वाचला.

तोवर अशा गाठीला उपाय एकच. सर्जन, भूल, जांघेत चीर, धमनीला टाका. ज्याला आठवड्यापूर्वी हार्ट अटॅक आला आणि जो चार गोळ्यांनी रक्त पातळ करून बसलाय, त्याला भूल द्यायला भूलतज्ज्ञ नाखूश. जांघेतली जखम चिघळायचीही फार. बारीक गाठी, तीन सेंटिमीटरच्या आतल्या, बऱ्याचदा आपोआप बुजतात हे हळूहळू कळत गेलं. पण गोळ्या चालू असतील तर त्यावर विसंबता येत नसे.

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्रेंट फेलमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘रेडिओलॉजी’ मासिकात आला. ते मासिक आमच्या ग्रंथालयात बोटीने यायचं, काही महिने शिळं होऊन. त्या पानांची झेरॉक्स मी पर्समध्ये घेऊन हिंडत होते. लेखातली गोष्ट अगदी साधी होती. सोनोग्राफीचा प्रोब मानेवर ठेवा, आत-बाहेर जाणारा प्रवाह पडद्यावर दिसेल. आता त्याच प्रोबने दाबा, मानेतला प्रवाह थांबेपर्यंत, पण मुख्य धमनीतला थांबू देऊ नका. दहा मिनिटं तसंच धरा, हळूच सैल करा, बघा. चालू असेल तर पुन्हा. डब्लिन आणि न्यू हेवनचे लोक धमनी वर दाबत होते, आंधळेपणाने. इथे दाब थेट भोकाच्या तोंडावर, आणि डोळ्यांदेखत.

आमच्याकडे कलर डॉप्लर आलं आणि आम्ही दाबायला लागलो. त्या पडद्यावरची गाठ ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. पोकळीत रक्त गोल फिरत असतं, अर्धं लाल, अर्धं निळं, आणि मानेतला आवाज स्पीकरवर येतो, ठोक्याला आत, मग लांबलेला बाहेर. दाब वाढवत न्यायचा. एका क्षणी आवाज तुटतो. तिथे हात थिजवायचा. एक मिलिमीटर हललं की परत सुरू. मी उंचीने बेताची, म्हणून स्टूलवर चढून, कोपर सरळ करून, खांद्याचं वजन टाकायची. दहा मिनिटांनी मनगट बधिर, वीस मिनिटांनी अंगठ्याच्या मुळाशी आग. मग रेसिडेंट, मग टेक्निशियन, आणि कुणीच नसेल तर कॅथलॅबचे मामा. मामांना प्रवाह, मान असलं काही सांगावं लागत नसे. ‘‘मॅडम, लाल दिसलं की जोर, नाही दिसलं की तसाच,’’ एवढं त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं होतं आणि त्यांच्या हाताखाली गाठी झकास बुजायच्या. दमल्यावर आम्ही पाळी बदलायचो तेव्हा प्रोब सरकू न देता हातावर हात ठेवून बदली करायचो.

पेशंटचे हाल आमच्याहून जास्त. जांघेत ते दाबणं चांगलंच दुखतं. आधी कळ मारायचं इंजेक्शन द्यावं लागे, तरी एखाद्याचं बीपी एकदम खाली जाऊन तो पांढरा पडायचा. अ‍ॅट्रोपीन भरून ठेवलेलं असायचं. शिवाय लाज. साठीचा शेतकरी, बायकोसमोर कधी धोतर नीट न सोडलेला, आणि एक परकी बाई तासभर त्याच्या जांघेवर ओणवलेली. मी त्याच्याशी पावसाबद्दल, कारखान्याच्या उचलीबद्दल बोलत राहायची. भिंतीवर नियमाप्रमाणे पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. महाराष्ट्राने तो कायदा १९८८ मध्येच केला, देशाच्या आधी. पुढे १९९४ चा केंद्राचा कायदा आला आणि यथावकाश यंत्राची, जागेची, सगळ्याची नोंद करावी लागू लागली. त्यामुळे यंत्र पेशंटकडे नेणं कटकटीचं, आणि वाळूच्या पिशवीसकट पेशंटलाच आमच्याकडे आणावं लागे. एकाने ती पाटी वाचून मला गंभीरपणे विचारलं होतं, ‘‘मग माझी कशी करताय?’’

चांगल्या गाठीवर तासाभरात काम व्हायचं. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या की निम्म्या वेळा हात टेकावे लागत. शीर-धमनी एकमेकींत उघडलेल्या हंटरांच्या प्रकाराला तर दाबण्याचा फारसा उपयोगच नसे, तिथे मान इतकी आखूड असते की दाबायला काही हाती लागत नाही.

याहून सोपा उपाय मात्र छापील स्वरूपात आधीपासून होता. १९८६ मध्ये, म्हणजे फेलमेथच्या लेखाआधी पाच वर्षं, कॉन्स्टंटिन कोप आणि रॉबर्ट झाइट या अमेरिकन रेडिओलॉजिस्टांनी फुगवट्यांत सुई घालून थ्रॉम्बिन सोडून दाखवलं होतं. थ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठवणारं द्रव्य, ते पोकळीत गेलं की आतलं रक्त जागच्या जागी घट्ट. तरीही जगभर आम्ही सगळे कोपरं आणि अंगठे झिजवत बसलो. असं का, याचं उत्तर मला वाटतं भीतीत आहे. थ्रॉम्बिनचा एखादा थेंब मानेतून मागे मुख्य धमनीत गेला तर? हृदय सुधारायला आलेल्या माणसाचा पाय काळा पडायचा. दाबून काही बिघडलं नाही, फार तर बुजलं नाही. हाताने करायच्या कामावर डॉक्टरांचा विश्वास सिरिंजमधल्या कामाहून जास्त असतो; चाळीस तास बोट धरणाऱ्या पोरांपासून तो चालत आला असावा.

ही भीती मोडली १९९७-९८ मध्ये. आधी तैपेईहून ल्याउ आणि सहकाऱ्यांचा लेख आला, मग शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातल्या स्टीव्हन कांग यांचा. सुईचं टोक सोनोग्राफीत बघत मानेपासून दूर, पोकळीच्या लांबच्या कडेला ठेवायचं आणि थेंबाथेंबाने सोडायचं. आम्हाला नुसतं थ्रॉम्बिन सहज मिळत नसे. सर्जन वापरतात त्या फायब्रिन ग्लूच्या किटमधली थ्रॉम्बिनची बाटली तेवढी आम्ही घ्यायचो. गायीच्या रक्तापासून केलेल्या थ्रॉम्बिनने पुढे अंगात अ‍ॅलर्जी उठू शकते, त्यामुळे आधी वापरलंय का हे विचारायचं, हीसुद्धा नवी शिस्त होती.

पहिल्यांदा केलं तेव्हा खोलीत गर्दी होती. ज्या गाठीवर आदल्या दिवशी तिघांनी मिळून दीड तास घालवला होता, तिच्यात मी काही थेंब सोडले. लाल-निळं चक्र आधी मंद झालं, मग कडेने करडं होत गेलं, आणि मी सुई बाहेर काढेपर्यंत सगळं करडं. पाच-सहा सेकंद. पेशंटने विचारलं, दाबायला कधी सुरुवात करणार? मामा म्हणाले, ‘‘ह्याला काय अर्थ आहे मॅडम!’’ आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं. दाबण्याची कला हातात बसते न बसते तोच ती निकामी झाली होती.

त्यानंतर आमच्या विद्येची जमीनच सरकली. मॉन्ट्रियलच्या ल्युसिएँ कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी करून दाखवली होती, अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी १९९२ पासून मनगटातूनच फुगे आणि जाळ्या घातल्या. मनगटातली धमनी हाडावर टेकलेली, एका पट्ट्याने दाबली जाते. माणूस उठून बसतो आणि चहा मागतो. आपल्याकडे मनगटाचा रस्ता रुळायला वेळ लागला, पण रुळला तेव्हा जांघेतल्या गाठी बघता बघता विरळ झाल्या. माझ्या शेवटच्या वर्षांत आमच्या रेसिडेंटना अशी एक गाठ बघायला मिळाली तर ते फोटो काढून एकमेकांना पाठवत.

मात्र जांघ संपलेली नाही. फ्रान्समध्ये रुआँ इथे अलँ क्रिबिए यांनी २००२ साली छाती न उघडता नळीतून महाधमनीची झडप बसवली. त्यांनी पहिल्यांदा शिरेचा रस्ता घेतला होता. नंतर जांघेतल्या धमनीचाच मार्ग रूढ झाला. मनगटातल्या शीथ ६ फ्रेंचच्या, म्हणजे आतून सुमारे २ मिलिमीटर. त्या झडपांच्या सुरुवातीच्या शीथ २२ आणि २४ फ्रेंचच्या, ७-८ मिलिमीटरच्या. आता त्या बऱ्याच बारीक झाल्यात, तरी मनगटात मावत नाहीत. म्हातारी माणसं, चुना साचलेल्या धमन्या, मोठी भोकं. भोक पाडण्याआधीच आत टाके ओवून ठेवणारी उपकरणं आली आहेत, पण टाका सुटला की फोन आमच्याच खात्यात येतो.

नव्या कॅथलॅबमध्ये आता सोनोग्राफीचं छोटं यंत्र पलंगाशेजारीच असतं, सुई टोचायच्या आधी वापरायला. पोरं प्रोब ठेवतात, धमनी कुठे दोन फांद्यांत फुटते ते बघतात, मांडीच्या हाडाचा गोळा कुठे आहे ते बघतात, म्हणजे पुढे दाबायची वेळ आली तर मागे टेकायला हाड असेल; चुन्याचा थर टाळून वरच्या भिंतीत सुई जाताना पडद्यावर पाहतात, आणि मग सेल्डिंगरची तार सरकवतात. १९५३ मध्ये स्टॉकहोमहून लुंडला रात्रीच्या आगगाडीने जाता येत होतं. हे एवढं तेव्हाच कुणाला सुचायला हरकत नव्हती.